इंग्रजी बोलताना आपले अगत्य हरवू नये

(सिल्वासा येथे ग्रामस्थ, शासकीय कर्मचारी व शिक्षक यांच्या सभेत प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



नित्याच्या इंग्रजी बोलण्यातील शिष्टाचार आणि उच्चार या विषयावर चार शब्द सांगावेत, अशी आपण मला आज्ञा केली आहे. मी भाषाशास्त्राचा पंडित नव्हे. परंतु प्रसिद्धीच्या कामात बाहेरगावच्या पाहुण्यांशी नित्य संबंध येतो. त्या कामात ज्या चुका मी स्वतः केल्या आणि ज्या होताना पाहिल्या, तेवढेच माझे भांडवल आहे.

पहिली चूक माझीच सांगतो. नोकरीच्या आरंभीच्या काळात एक वयोवृद्ध परदेशी पाहुणे कार्यालयात आले. मी लगबगीने उठलो, खुर्ची पुढे केली आणि मोठ्या आदराने म्हणालो, "सिट डाऊन." माझ्या मनात होते, "बसा." पाहुणे बसले, पण त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर जे आश्चर्य उमटले, त्याचा अर्थ मला पुष्कळ दिवसांनी कळला. "सिट डाऊन" हे गुरुजींनी वर्गातल्या मुलांना सांगावयाचे वाक्य आहे. पाहुण्याला म्हणावयाचे ते "प्लीज हॅव अ सीट." मी शब्द बरोबर नेला, त्यातला मान मात्र वाटेतच सांडला.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. एका रुग्णालयात चौकशीच्या खिडकीवर खेड्यातून आलेली एक मुलगी नव्याने कामाला लागली होती. बाहेरच्या प्रांतातील एक वृद्ध गृहस्थ आले. तिने आपुलकीने विचारले, "व्हॉट इज युअर प्रॉब्लेम?" गृहस्थ संतापले. त्यांनी वरिष्ठांकडे तक्रार केली की, ही मुलगी उद्धट आहे. बिचारीने मनातल्या मनात "तुमची काय अडचण आहे?" या साध्या, मायेच्या वाक्याचे भाषांतर केले होते. इंग्रजीत तेच वाक्य, विशेषतः जरा ठसक्यात उच्चारले तर, "तुम्हाला झालंय तरी काय?" असे भांडणाचे होते. तिला बोलणी खावी लागली आणि त्या दिवसापासून तिने इंग्रजीत तोंड उघडणेच सोडून दिले.

पुढे माझी तिची भेट झाली तेव्हा मी तिला सांगितले, "बाई, तिथे 'हाऊ कॅन आय हेल्प यू?' असे विचारतात." ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "म्हणजे साहेब, इंग्रजीत अडचण त्यांची विचारायची नाही, मदत आपली सांगायची?" मित्रहो, या विषयाचे सार त्या मुलीने एका वाक्यात सांगितले. आज मी जे बोलणार आहे, तो त्या वाक्याचा विस्तार समजावा.

शब्द एका भाषेतून दुसऱ्या भाषेत नेला की त्याचे वजन बदलते, हे या भूमीला कोणी नव्याने शिकवावयास नको. मराठे व पोर्तुगीज यांच्यात १७७९ साली झालेल्या तहाच्या आधारे १७८३ मध्ये नगर हवेलीची आणि १७८५ मध्ये दादरा भागाची गावे पोर्तुगिजांकडे गेली. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये हा मुलूख मुक्त झाल्यावर पोर्तुगालने हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारताविरुद्ध फिर्याद केली. १२ एप्रिल १९६० रोजी निकाल लागला. त्या तहाने मराठ्यांनी येथील सार्वभौमत्वच आम्हांस दिले, असे पोर्तुगालचे म्हणणे होते. न्यायालयाने तहाचे निरनिराळे पाठ व मराठ्यांच्या सनदा तपासल्या. मूळ मराठी शब्द जहागिरीचे, सरंजामाचे, म्हणजे महसुलाचा हक्क देणारे आहेत. त्यांवरून सार्वभौमत्व दिल्याचे ठरत नाही, असा निष्कर्ष न्यायालयाने काढला. पुढे इंग्रजांच्या काळात पोर्तुगिजांची सत्ता येथे मानली गेली, ही गोष्ट निराळी. पण शब्दाचा अर्थ त्याच्या स्वतःच्या घरातच शोधावा लागतो, ही शिकवण त्या निकालात आहे. ती राज्याच्या कागदाला जशी लागू आहे, तशी खिडकीवरच्या संभाषणालाही लागू आहे.

आता आपण आपल्याच घरात डोकावून पाहू. मराठी माणूस आदर कोठे ठेवतो? तो क्रियापदाच्या शेपटात ठेवतो. "ये" आणि "या", "बस" आणि "बसा" यांत एका कान्याचा फरक आहे. पण तेवढ्यात लहानथोरपण सांगून होते. "तू", "तुम्ही", "आपण" अशा तीन पायऱ्या आपल्यापाशी आहेत. त्यावर काका, मावशी, दादा, ताई ही नाती आहेत. अनोळखी म्हातारीला "आजी, जरा सरकता का?" म्हटले की "कृपया" म्हणण्याचे कारणच उरत नाही. "कृपया" हा शब्द आपल्याकडे बहुधा भिंतीवरच्या पाट्यांवर राहतो. आभारांचेही तसेच. आईने पान वाढले म्हणून आपण तिचे आभार मानीत नाही, मानले तर ती म्हणेल, "बरा आहेस ना रे?"

इंग्रजीचे घर निराळ्या पद्धतीने मांडलेले आहे. त्या भाषेत पूर्वी "दाऊ" हा एकेरी शब्द होता आणि "यू" हा अनेकवचनी, मानाचा. कालांतराने एकेरी शब्द नित्याच्या व्यवहारातून गेला आणि "यू" तेवढा राहिला. म्हणजे इंग्रजीत सगळ्यांनाच "तुम्ही" आहे, साहेबालाही आणि शिपायालाही. "गिव्ह" हे क्रियापदही "दे" आणि "द्या" या दोहोंना एकच. त्यामुळे आदर दाखवावयाचा तर तो निराळ्या शब्दांत घालावा लागतो. "प्लीज", "कुड यू", "मे आय", "थँक यू" हे शब्द त्या भाषेचे अलंकार नव्हेत. आपल्या "द्या" मधला कान्याचा मान तेथे हे शब्द वाहतात. "गिव्ह मी द फॉर्म" असे म्हणणारा आपला तरुण मनात "फॉर्म द्या" म्हणत असतो; पण ऐकणाऱ्याच्या कानावर "दे इकडे फॉर्म" असे पडते. दोष मनाचा नसतो, मांडणीचा असतो. आणि मांडणी शिकता येते.

ती शिकण्यासाठी शेकडो वाक्यांचे पाठांतर लागत नाही. नित्याचे सहा-सात प्रसंग धरले तरी पुष्कळ काम भागते.

काही मागावयाचे असेल तर "आय वाँट" ने आरंभ करू नये. "कुड आय हॅव द फॉर्म, प्लीज?" असे विचारावे. दुसऱ्याने काही करावे अशी इच्छा असेल तर "कुड यू प्लीज साइन हियर?" म्हणावे. खोलीत शिरताना "मे आय कम इन?" पुरेसे आहे.

कोणाचे लक्ष वेधावयाचे किंवा बोलणे मध्येच थांबवावयाचे, तर आधी "एक्स्क्यूज मी". आणि हातून चूक झाल्यावर "सॉरी". पहिला शब्द त्रास देण्यापूर्वीचा, दुसरा दिल्यानंतरचा, एवढे ध्यानात ठेवले की घोटाळा होत नाही.

समोरच्याचे बोलणे कळले नाही तर आपण "काय?" म्हणतो. इंग्रजीतला नुसता "व्हॉट?" फार तुटक लागतो. "सॉरी, कुड यू से दॅट अगेन, प्लीज?" असे म्हणावे. हे वाक्य मी सर्वांत मोलाचे समजतो. कारण न कळता "येस, येस" म्हणत राहणे हा आपला जुना रोग आहे आणि कारखान्यात यंत्रापाशी उभ्या असलेल्या माणसाला तो रोग हातपाय गमावण्यापर्यंत नेऊ शकतो. पुन्हा विचारणे हा अपमान नव्हे, ते सावधपण आहे.

दूरध्वनीवर आपण "बोला" म्हणतो. त्यात मान आहे. "स्पीक" हा मात्र हुकूम होतो. तेथे "येस, प्लीज" किंवा "गुड मॉर्निंग" म्हणून आपले नाव सांगावे. "हू आर यू?" ऐवजी "मे आय नो हूज स्पीकिंग?" विचारावे.

निरोप घेताना आपण कधी "जातो" म्हणत नाही, "येतो" म्हणतो. घरातून जाणाऱ्याने परत यावे ही त्यातली मंगल भावना. पण इंग्रजी जाणणाऱ्या पाहुण्याला "आय कम" म्हटले तर तो दाराकडे पाहत वाट बघत बसेल. तेथे "आय शुड बी गोइंग नाऊ. थँक यू फॉर युअर टाइम" म्हणावे.

"हो" आणि "नाही" यांची एक गंमत आहे. "तुम्हाला पावती मिळाली नाही ना?" असे विचारले तर आपण पुष्कळदा म्हणतो, "हो, नाही मिळाली." आपला होकार प्रश्नकर्त्याच्या म्हणण्याला असतो. इंग्रजीत होकार-नकार घडलेल्या गोष्टीला असतो. पावती मिळालेली नसेल तर "नो, आय डिडन्ट" हेच उत्तर. तसेच कोणी "वुड यू माइंड वेटिंग?" विचारले आणि आपण आनंदाने "येस" म्हटले, तर "थांबायला माझी हरकत आहे" असा अर्थ होतो. थांबावयाचे असल्यास "नो, नॉट ॲट ऑल" म्हणावे.

येथे एक इशारा दिला पाहिजे. सौजन्य म्हणजे लाचारी नव्हे. प्रत्येक वाक्यात तीन वेळा "सर, सर" म्हटल्याने बोलणे सभ्य होत नाही, दुबळे होते. इंग्रजी अमदानीत अर्जाच्या शेवटी "आपला अत्यंत आज्ञाधारक सेवक" अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य लिहिण्याची रीत होती. ती अमदानी गेली. त्या वाक्याचा वाकलेला कणा आपण सांभाळून ठेवण्याचे कारण नाही. उलट "यू" हा शब्द सगळ्यांना सारखाच असल्यामुळे "प्लीज" आणि "थँक यू" यांवरही सगळ्यांचा सारखाच हक्क आहे. ग्रामस्थाने अधिकाऱ्याला "प्लीज" म्हणावे आणि अधिकाऱ्याने पाण्याचा पेला आणून देणाऱ्या शिपायाला "थँक यू" म्हणावे.

माझ्या सहकाऱ्यांना विशेष सांगावेसे वाटते ते हे की, नुसता "प्लीज" लावून हेलपाटा गोड होत नाही. "कम टुमॉरो" हे तुटक आहेच. पण "प्लीज कम टुमॉरो" म्हणूनही खानवेल किंवा दुधनीहून आलेल्या माणसाचे समाधान होणार नाही. आज काम का होणार नाही आणि उद्या किती वाजता होईल, हे सांगणे हाच खरा शिष्टाचार; मग तो इंग्रजीत असो, मराठीत असो वा गुजरातीत. आणि समोरचा माणूस वारली, कोकणा किंवा धोडिया बोलणारा असेल, त्याला इंग्रजी कळत नसेल, तर त्याच्याशी इंग्रजी बोलणे हेच मुळात असभ्यपणाचे आहे.

आता उच्चारांकडे वळतो. "नैसर्गिक उच्चार" म्हणजे काय? पुष्कळांची समजूत अशी की, लंडनच्या साहेबासारखे नाकातून बोलावे म्हणजे उच्चार शुद्ध झाला. इंग्लंडमध्येही सर्वांचा उच्चार एक नाही; तेथे प्रांताप्रांताला बोली बदलते. डॅनियल जोन्स यांनी १९१७ साली इंग्रजी उच्चारांचा प्रसिद्ध कोश काढला, तोही तेथील एका सुशिक्षित वर्गाच्या बोलण्यावर आधारलेला होता. आपल्याकडे मेल्व्हिल डी'मेलो यांनी १९४८ साली महात्माजींच्या अंत्ययात्रेचे आकाशवाणीवरून तासन्‌तास इंग्रजीत वर्णन केले. बॅरिस्टर नाथ पै यांच्या वक्तृत्वाने लोकसभा गाजली. या भारतीयांना मान मिळाला तो त्यांच्या स्पष्ट आणि अर्थपूर्ण वाणीमुळे. तेव्हा कसोटी एकच: ऐकणाऱ्याला सायास न पडता कळावे आणि बोलणाऱ्याला सोंग घेतल्यासारखे वाटू नये.

परकीय शब्द आपल्या जिभेवर येऊन आपले रूप घेतात, यात लाजण्यासारखे काही नाही. पगार, चावी, साबण, घमेले, लिलाव, पाव, बटाटा हे सारे पोर्तुगिजांकडून मराठीत आलेले शब्द. महिनाअखेरीस पगार घेताना त्या शब्दाचा मूळ पोर्तुगीज उच्चार कोणी विचारीत नाही. या गावालाच कागदोपत्री सिल्वासा म्हणतात आणि लोक सेलवास म्हणतात. म्हणून कोणाची वाट चुकलेली नाही. मराठी बोलताना मराठी वळणाने "टेबल", "स्टेशन" म्हणावे. इंग्रजी बोलताना मात्र जेथे उच्चाराच्या फरकाने अर्थच फिरतो, तेथे काळजी घ्यावी. अशी स्थळे मोजकी आहेत.

पहिले, ऱ्हस्व-दीर्घ. आपण ते लिहिताना पाळतो, बोलताना फारसे पाळत नाही. इंग्रजीत "लिव्ह" म्हणजे राहणे आणि "लीव्ह" म्हणजे सोडून जाणे. मुलाखतीत "मी येथे राहतो" म्हणावयाचे आणि "मी येथून जातो" असे ऐकू जावयाचे, हे बरे नव्हे. "शिप" जहाज, "शीप" मेंढी. "फुल" भरलेला, "फूल" मूर्ख.

दुसरे, "व" आणि "व्ह". मराठी लेखनाने हा भेद आपल्याला आयता दिला आहे, त्याचा उपयोग करावा. "वेस्ट" म्हणताना ओठ गोल करावेत. ती पश्चिम दिशा. "व्हेस्ट" म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकवावेत. ती अंगातली बंडी. "बॅट" मधला "ॲ" आणि "बॉल" मधला "ऑ" यांसाठीही आपल्या लिपीने चिन्हे करून ठेवली आहेत. त्या बाबतीत आपली मुले भाग्यवान आहेत.

तिसरे, आघात. मराठीत आपण सर्व अक्षरे जवळजवळ सारख्या जोराने बोलतो. इंग्रजीत एका अक्षरावर जोर येतो आणि बाकीची दबतात. "सर्टिफिकेट" मध्ये जोर "टि" वर, "अप्लिकेशन" मध्ये "के" वर, "कमिटी" मध्ये "मि" वर. "फोटोग्राफ" मध्ये तो पहिल्या अक्षरावर असतो, तर "फोटोग्राफर" मध्ये दुसऱ्यावर सरकतो. परक्या माणसाला आपले इंग्रजी समजत नाही तेव्हा पुष्कळदा अक्षर चुकलेले नसते, जोर चुकलेला असतो.

चौथे, लिहिलेली पण न बोलायची अक्षरे. पावतीला "रिसिप्ट" नव्हे, "रिसीट" म्हणावे. "कुड" आणि "वुड" यांत "एल" लिहितात, बोलत नाहीत. बुधवार "वेन्झडे" होतो.

पाचवे आणि सर्वांत महत्त्वाचे, आवाजाचा चढउतार. "प्लीज" हाच शब्द तोडून, खाली आपटून म्हटला तर हुकूम होतो. शेवट किंचित वर नेला तर विनंती होते. आपल्या "या ना" मधला "ना" जे काम करतो, ते तेथे आवाजाला करावे लागते. शब्द पाठ केले आणि स्वर विसरला, तर सगळी मेहनत फुकट जाते.

शिक्षकमित्रहो, हे काम मुख्यतः आपले आहे. आपल्यापैकी अनेकांच्या वडीलधाऱ्यांनी तर्खडकर भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकले. त्या पाठमालेचे उपकार मोठे आहेत. तिने पिढ्यान्‌पिढ्यांना वाचावयास व लिहावयास शिकवले. पण भाषांतराने भाषा डोळ्यांत येते, जिभेवर यावयाला कान आणि सोबती लागतात. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी सुरू झाले; तरी अनेक ठिकाणी मूल दहावीपर्यंत इंग्रजी लिहिते आणि "गुड मॉर्निंग, टीचर" यापलीकडे बोलत नाही. रोज दहा मिनिटे दोन-दोन मुलांना समोरासमोर उभे करावे. एक टपाल कचेरीतला कारकून, दुसरा गिऱ्हाईक. एक रुग्ण, दुसरी परिचारिका. आधी प्रसंग मुलाच्या घरच्या भाषेत बोलून घ्यावा, त्यातले अगत्य कोठे आहे ते त्यालाच शोधू द्यावे, आणि मग तेच इंग्रजीत कोठे ठेवावयाचे ते सांगावे. चूक झाली तर वाक्य आपण नीट करून म्हणावे; मुलाला हसू नये आणि वर्गालाही हसू देऊ नये. एकदा हशा झाला की ते मूल वर्षभर गप्प बसते.

या प्रदेशाची १९६१ सालची लोकसंख्या सुमारे ५८ हजार होती. २०११ च्या जनगणनेत ती ३ लाख ४३ हजारांवर गेली. कारखाने आले, त्यांच्याबरोबर देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसे आली. २६ जानेवारी २०२० पासून दादरा व नगर हवेली आणि दमण व दीव मिळून एकच केंद्रशासित प्रदेश झाला आहे. अशा गजबजलेल्या मुलखात आपल्या खेड्यातील मुलगा कारखान्याच्या दारात उभा राहतो तेव्हा त्याची पारख पहिल्या दोन-तीन वाक्यांत होते. तो मनाने नम्र असूनही उद्धट ठरावा, किंवा हुशार असूनही भीतीने मुका राहावा, हे त्याचे नुकसान आहे आणि आपलेही आहे.

ग्रामस्थ बंधुभगिनींनो, सौजन्य तुम्हांला इंग्रजीकडून उसने घ्यावयाचे नाही. दारी आलेल्याला आधी पाण्याचा तांब्या पुढे करून मग काम विचारणारी ही माणसे आहेत. ते अगत्य घरात आहेच. परक्या भाषेच्या दारातून जाताना ते कोणत्या भांड्यात न्यावयाचे, एवढेच शिकावयाचे आहे. त्या चौकशीच्या खिडकीवरच्या मुलीने पुढे पुन्हा बोलावयास आरंभ केला. तिचा उच्चार साहेबी झालेला नाही, होण्याची गरजही नाही. "हाऊ कॅन आय हेल्प यू?" असे ती विचारते, आणि ऐकणाऱ्याला तिच्या मनातले कळते.